आयविनची चव

"कुलूप माझं, फाटक माझं, दलदल माझी. आणि दलदलीत उगवतं ते पोर्सही माझंच!"

"झुडपाला विचारलंस का रे, ते कुणाचं?"

"राउनहिल, चेष्टा नकोय," आयविन म्हणाला.

"मग कारण सांग. अकरा वर्षं मी तिथनं पोर्स कापतेय. माझ्या बिअरच्या मॉल्टचा चोथा खाऊन तुझी डुकरं पिंपं झालीत. आजच कुलूप कशाला?"

"वास येतो."

"कशाचा?"

"तुझ्या त्या उकळत्या काढ्याचा. गावभर."

"ऐकलंस का गं?" राउनहिल माझ्याकडे वळली. "डुकरं पाळणारा माणूस म्हणतोय, वास येतो!"

मी तिच्या हाताखाली बाटल्यांवर झाकणं ठोकत होते. हसू दाबता दाबता एक वाकडं बसलं.

पण हसण्यासारखं नव्हतं. पोर्स म्हणजे कडवट, सुगंधी पाल्याचं झुडूप. ते आमच्या बेटावर फक्त आयविनच्या दलदलीत होतं, आणि ऑगस्ट संपला की त्याचा वास उडतो. पोर्स नाही तर नाताळची बिअर नाही. नाताळची बिअर नाही तर जुन्या डेअरीतली ही भट्टी हिवाळा काढणार नाही, हे राउनहिललाही ठाऊक होतं आणि आयविनलाही.

राउनहिल मूळची शाळेची स्वयंपाकीण. सव्वीस वर्षं तिनं गावातल्या पोरांना सूप वाढलं. मुलं कमी झाली, शाळा बंद पडली, तेव्हा सूपाची दोन मोठाली पातेली कुणालाच नको होती. ती तिनं ढकलगाडीवर घालून घरी आणली. शेवटच्या दिवशी मुलांनी डब्यात टाकलेल्या राय-पावाच्या कडाही आणल्या. त्या कडांची तिनं पहिली बिअर केली. गडद, खरपूस, जराशी चिडकी. एका घोटात सगळे ओरडले, "अरे, ही तर हेडबाई!"

तिथून माणसांच्या चवीची बिअर करायची खोड लागली. पोस्टमनची बिअर तिनं खारट ज्येष्ठमधाच्या गोळ्या घालून केली, कारण त्याच्या खिशात दुसरं काही नसतंच. पाद्रीणबाईंची केली रुबार्बच्या आंबट देठांची: आधी तोंड वाकडं होतं, मग दुसरा ग्लास मागावासा वाटतो. बाटलीवर नाव कधीच नाही. ओळखायचं गावानं. नियम एकच, कुणी न लिहिलेला, पण आमच्याकडे आईच्या दुधाबरोबर पाजलेला: ज्याची बिअर त्यानं "हा मी" म्हणायचं नाही. म्हटलं, की स्वतःला कुणीतरी समजायला लागला. त्यानं खांदे उडवून म्हणायचं, "छे, मला नाही तसं वाटत," आणि गुपचूप दोन पेट्या घरी न्यायच्या.

"आणि काय बाई त्या चवी!" आयविनचं चालूच होतं. "पोस्टमनची खारट, पाद्रीणबाईंची आंबट. आता तर कहरच. कुत्र्याची बिअर!"

गेल्या शनिवारीच निघाली होती ती. बसड्रायव्हरचा कुत्रा दिवसभर खाडीत डुंबतो, म्हणून ओट्स आणि चिमूटभर समुद्रशेवाळ. ओल्या कुत्र्यासारखीच लागते, पण प्रेमळ.

"कुत्र्यानं तुझं काय घोडं मारलं?"

"मी कुठं काय म्हणतोय! एवढंच म्हणतोय, की गावात माणसं आहेत. चाळीस वर्षं शेजारी राहिलेली माणसं आहेत. त्यांच्याआधी कुत्रा?"

राउनहिल थांबली. हातातला चमचा खाली ठेवला. तिच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी शाळेच्या जेवणघरात पाहिलेलं. कुणी तिसऱ्यांदा खीर मागायला आलं की यायचं.

"तुझी केली होती," ती म्हणाली.

"कधी?" फारच पटकन आलं हे.

"तीनदा केली. पहिली इतकी कडू झाली, की तुझ्या बहिणीनंसुद्धा थुंकून टाकली. दुसरीला फेसच येईना. तिसरी बरी होती, पण बाटलीचं झाकणच उघडू देईना."

"मग कुठंय ती?"

"चोथ्यात ओतली. तुझ्या डुकरांना."

"म्हणजे माझ्याच डुकरांनी मला..."

"चाटूनपुसून. पण थांब, 'मला' म्हणालास? कोण मला?"

आयविनचे कान बीटासारखे लाल झाले. तो टोपीची कड चाचपत बसला. मी झाकणं ठोकायचं केव्हाच सोडलं होतं.

राउनहिल मागच्या टाकीकडे गेली आणि ग्लास भरून आणला. तपकिरी, वर फेसाची जाड साय.

"चौथी," ती म्हणाली. "घरातलं शेवटचं पोर्स यात गेलं. आता चिमूटभरसुद्धा नाही. पी."

त्यानं घोट घेतला. कपाळाला आठ्या. दुसरा घोट. आठ्या तशाच. मग गिळून झाल्यावर, बऱ्याच वेळानं, त्याच्या ओठांचा एक कोपरा सुटला. मीही नंतर चाखली: सुरुवातीला कुंपणाच्या खांबासारखी लागते, आणि आपण नाद सोडला की मागून मध येतो.

"बोल, कोण आहे हा?" राउनहिलनं कमरेवर हात ठेवले.

"मी" म्हणावं तर गाव महिनाभर हसणार. "दुसराच कुणी" म्हणावं, तर ही बिअर तो दुसराच घेऊन जाणार.

"अरे, कोण आहे?"

आयविननं ग्लास तळापर्यंत रिकामा केला, साय बोटानं पुसून चाटली, भिंतीवरच्या खिळ्यावरचा तिचा पोर्स कापायचा विळा काढून घेतला, आणि दलदलीकडच्या दारानं तो बाहेर पडला.