वायर उपटणारा बिबट्या

आमच्या योनागो गावात कडक इस्त्री हवी तर सुमिएच्या दुकानात जा, असं सगळे सांगायचे. बाईची जीभही तशीच कडक. नवरा गेल्यावर मुलानं तिला टीव्हीला जोडायचं खेळाचं यंत्र आणून दिलं. महिन्याची वर्गणी भरली की फोनच्या वायरीतून एक अख्खी खेळगल्ली घरात यायची. मासे पकडा, कोडी सोडवा, फुलांची चित्रं असलेले पत्ते खेळा. सुमिए रोज जेवण उरकून पत्ते कुटायला बसायची.

तिथं तिला ‘बिबट्या’ नावाचा गडी भेटला. जिंकत असला की शेवटपर्यंत खेळायचा. हरायला लागला की वायर उपटायचा. डाव रद्द. त्याच्या नावावर एकही हार नाही.

"मेल्याला एकदाच पुरता हरवीन," ती म्हणायची. चार वर्षं हेच.

शर्ट टाकायला गेले की मी हो-हो म्हणून घरी यायचे. घरी आमचे हे, कात्सुहारू, रिटायर झाल्यापासून तसलंच यंत्र घेऊन टीव्हीपुढं. चेहरा पडला की यांचा हात टीव्हीमागं. मला वाटायचं, यंत्र बिघडलंय. मग एक दिवस पडद्यावरचं नाव वाचलं: बिबट्या.

नवल नाही वाटलं, तळपायाची आग मस्तकात गेली. एकतीस वर्षांत माझं एक भांडण या माणसानं पुरं होऊ दिलेलं नाही. मी मुद्द्यावर आले की हे निघाले सिगारेट आणायला.

मार्चमध्ये कंपनीनं कळवलं, खेळ कायमचा बंद होतोय. शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंतच चालेल. सुमिए रडकुंडीला आली. शेवटच्या दिवशी दुपारी मी उशी घेतली, टीव्हीशेजारी फोनच्या आणि विजेच्या, दोन्ही वायरींवर बैठक मारली आणि विणकाम काढलं.

"इथं कशाला बसलीस?"

"इथं ऊन येतं."

अडीचला, सुमिएशीच डाव चालू असताना, यांचा चेहरा पडला.

"मित्सुयो, सरक जरा. वायर सैल झालीय."

"मी बसलेय ना तिच्यावर. कुठं जात नाही ती. खेळा."

यांचा हात यंत्राच्या बटणाकडे गेला, तशी मी विणायची सुई पुढं केली.

"अगं, तू कुणाच्या बाजूची?"

"डाव पुरा खेळणाऱ्याच्या."

हे हरले. पडद्यावर हार एक, अशी ठसठशीत नोंद आली, आणि तीन वाजेपर्यंत मी त्यांना ती बघायला लावली. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी यांचे शर्ट घेऊन सुमिएकडे गेले. बाई नुसती फुलली होती.

"हरला गं. शेवटी लाज वाटली असेल मेल्याला."

"लाज कसली डोंबलाची? वायरीवर मी बसले होते."

तिनं इस्त्री उभी केली. माझ्याकडे बघितलं, मग शर्टांकडे.

"हे त्याचे?"

"त्याचेच."

तिनं शर्ट ओढून आपल्या बाजूला ठेवले. मग म्हणाली, "शनिवारी शर्ट न्यायला त्यांनाच पाठव. माझ्याकडे खरे पत्ते आहेत. आणि दुकानाचं शटर आतून लागतं."

मी पाठवलं.