चार तासांवरची लेक

अनारकानने बापाला आयुष्यात एकच थाप मारली, आणि तीही खरी होती. मॉस्को ते आमचं डोंगराकडचं ओश शहर, विमानाने चार तास.

ती पहिल्यांदा निघाली, तेव्हा ओशच्या विमानतळावर म्हाताऱ्याने विचारलं होतं, "किती लांब गं ते?"

"चार तास, बाबा. वरच्या कुरणावर जायला तुमचा घोडा याहून जास्त वेळ घेतो."

म्हातारा खूश. गावभर सांगत सुटला, "आमची अनार काय, हाकेच्या अंतरावर आहे." निम्म्या गावाची पोरं रशियात, त्यामुळे त्याला हसायला कोणाला तोंड नव्हतं.

त्या चार तासांत काय काय धरलेलं नसतं, ते त्याला कोण सांगणार? धुलाई कारखान्याच्या मुकादमाने दाबून ठेवलेला पासपोर्ट, मागितली की नोकरीवर बेतणारी रजा, हंगामात आभाळाला भिडणारे तिकिटांचे दर. दरवर्षी अनारकान "पुढच्या वर्षी नक्की" म्हणायची. असं म्हणता म्हणता तिचे केस पिकले.

वसंतात भावाचा, एर्मेकचा फोन आला. "बाबांना बरं नाही. लगेच ये."

तिने मुकादमाचे पाय धरले. तो म्हणाला, बदली बाई आण, मग जा. बदली बाई मिळेपर्यंत दिवस गेले. एर्मेक रोज तेच सांगत राहिला, "आजारी आहेत, ये." आमच्यात मरणाची बातमी परक्या मुलखात, एकट्या माणसाला देत नाहीत. चांगली रीत आहे म्हणतात. मला तर ती फसवणूक वाटते.

शेवटी ती गावी पोचली, तेव्हा गल्लीच्या तोंडाशी येताच घरच्या अंगणात लोकरीच्या नमद्याचा तंबू तिला दिसला, घरात मरण झालं की उभारतात तो. मग कोणी काही सांगायची गरज उरली नाही. तंबूच्या दाराशी एर्मेक रीतीप्रमाणे काठीवर वाकून हंबरडे फोडत होता. मातीसुद्धा आदल्या दिवशीच झाली होती.

आत बायका भिंतीकडे तोंड करून शोक गात होत्या. आत्या मध्येच थांबली.

"आलीस? दुखणं वाढलं त्या सकाळी तुझा बाप म्हणाला, अनारला फोन करा, दुपारी जेवायला येईल. गादी दाराकडे वळवून घेतली. दुपार गेली, रात्र गेली. मग म्हणाला, चार तासांची तर वाट, तिला यायचंच नसेल. परत तुझं नाव नाही काढलं त्याने."

बापासाठी लेकीने गायचं असतं. अनारकान भिंतीकडे तोंड करून बसली, पण गळ्यातून शब्द फुटेना. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. शहरात राहून आटली, कोणीतरी पुटपुटलं.

सातव्या दिवसाचा विधी झाल्यावर ती परत निघाली. मुकादमाने तेवढीच मुदत दिली होती. फाटकाशी आईने तिच्या पिशवीत भाकरी कोंबली.

"खरं सांग, किती लांब आहे गं ते?"

"फार लांब आहे, आई."

आईने पिशवीची गाठ मारली. "मग त्यांना तसंच सांगायचं होतंस. वाट न बघता गेले असते."