अनिसाच्या पॅराशूटचं भोक

नळदुर्गला हायवेच्या कडेला मुनवरचं ताडपत्री शिवायचं दुकान. दुकान कसलं, चार पत्रे अन् एक मशीन! पण हैदराबादकडं जाणारे ट्रकवाले मुद्दाम तिथं थांबायचे. मुनवरच्या हाताखालून गेलेल्या ताडपत्रीतून पाण्याचा टिपूस आत यायचा न्हाय. भोक दिसलं की त्याचा हात आपसूक ठिगळाकडं जायचा. माणूस भला, पण लई हेकट. स्वतःपुढं कुणाला कारागीर म्हणून मोजायचाच नाही.

त्याची अनिसा सोलापूरला इंजिनिअरिंगला होती. कॉलेजची पोरं हवामान मोजायला एक भलामोठा फुगा आभाळात सोडणार होती. फुग्याखाली दोरी, दोरीला पॅराशूट, त्याखाली थर्माकोलची पेटी, पेटीत कॅमेरा अन् मोजमापाची यंत्रं. वर गेल्यावर फुगा फुटणार आणि पॅराशूट पेटीला अलगद खाली आणणार. ते पॅराशूट बनवायचं काम अनिसाकडं होतं. काम जमलं तर हैदराबादच्या ट्रेनिंगला तिचंच नाव जाणार होतं. त्या घरातून एवढ्या लांब शिकायला आजवर कुणी गेलं नव्हतं.

तिनं कापड स्वतः कापलं, बापाच्याच मशीनवर शिवलं आणि बरोबर मधोमध वाटीएवढं गोल भोक ठेवलं. "अब्बा, तेवढी घडी घालून ठेवा, मी बॅग भरते," म्हणून आत गेली.

भोक बघून मुनवरचा जीव चुकचुकला. पोरगी कापताना चुकली, अन् लाजेपोटी बोलली न्हाय बिचारी! चारचौघांत हसं होईल तिचं. त्यानं गुपचूप दुहेरी ठिगळ मारलं, घडी घालून बांधली अन् वर बजावलं, "घडी मोडू नको गं, लई मेहनतीनं घातलीय." बापाचा शब्द म्हणून तिनं मोडली नाही, तशीच फुग्याच्या दोरीला लावली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कॉलेजची जीप दुकानापुढं थांबली. अनिसा अन् तिचे सर उतरले. फुगा झकास चढला होता, ठरल्या उंचीला फुटलाही होता. पण उतरताना पॅराशूटमधल्या हवेला वाट मिळेना. ते पाळण्यासारखं हेलकावत राहिलं, दोऱ्यांना पीळ पडला आणि पेटी नळदुर्गजवळच्याच माळावर आदळली. कॅमेऱ्याचा चुरा, मोजमापं सगळी मातीत.

सरांनी पॅराशूट पसरलं. "हे भोक कुणी बुजवलं? हवा जायला ठेवलेलं असतं ते!"

मुनवरच्या तोंडचं पाणी पळालं. अरे बोल की, बाबा! पण त्याच्या आधी अनिसाच म्हणाली, "मी, सर." आणि तीस वर्षं ट्रकवाल्यांशी तावातावानं भांडलेला हा गडी मुकाट उभा राहिला. असला कसला रे बाप तू!

"शिलाई मात्र पक्की आहे," सर म्हणाले. हैदराबादला आता तिच्या वर्गातल्या निकिताचं नाव पाठवतो असं सांगून ते जीपमध्ये बसले.

जीप गेल्यावर मुनवर कसाबसा म्हणाला, "बेटा, मला वाटलं..."

"विचारायचं तरी, अब्बा. आतच होते की मी." अनिसा रडत नव्हती. "मला साधं कापडही कापता येत नाही, असंच वाटलं ना तुम्हाला?"

नाही म्हणावं असं त्याच्या फार मनात आलं होतं. पण खरोखर त्याला तसंच वाटलं होतं.