हमीदचाचांच्या तोंडी घातलेला शब्द

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीलाही नाही. तुला का सांगतोय, माझं मलाच कळत नाही. पण नोकरीवरून गावी कुंडलला जाताना फाट्यावरचं ते गॅरेज दिसलं की माझा पाय आपोआप अ‍ॅक्सिलरेटरवर जोरात दाबला जातो. मग घर येईपर्यंत स्वतःचीच लाज वाटत राहते.

गॅरेज हमीदचाचांचं. आमचे आण्णा फौजेतनं सुभेदार होऊन गावी आले, पांढरी अँबॅसिडर घेतली, आणि ती चाचांशिवाय दुसऱ्या कुणाच्या हाताला म्हणून लागली नाही. चाचा तिला राणी म्हणायचे. गाडीला काही झालेलं नसलं तरी आण्णा तिथं जायचे, जुन्या टायरवर बसायचे आणि हसायचे—डोळ्यांतनं पाणी येईस्तोवर हसायचे. घरात हा माणूस माझ्याशी कधी चार शब्द धड बोलला नाही. पाणी सोड, बूट पूस, मार्क किती पडले—संपलं. मग टायरवर बसून हसणारा तो कोण होता? माझ्या पोटात दुखायचं. पन्नाशीला टेकलो तरी दुखायचं, आता तुझ्याशी काय लपवायचं?

दसऱ्याला तर ठरलेलंच. गाडी धुऊन, झेंडूची माळ घालून आण्णा आधी गॅरेजवर जाणार. आपट्याचं पहिलं सोनं चाचांच्या हातात. आमचा नंबर घरी आल्यावर.

मग आण्णा न्हाणीत पडले. खुब्याचं हाड मोडलं, खाट धरली. त्याच सुमाराला गाडीचं इंजिन बसलं. मीच चालवत होतो, गाडी तापल्याचा काटा वर चढलेला दिसत होता, तरी तशीच दामटली—पण ते सोड, ते पाप लहान आहे. गाडी ओढून चाचांकडं नेली. त्यांनी इंजिन उतरवलं, खोललं, सगळं निरखून बघितलं.

"ब्लॉक चांगला हाय. ह्येच बांधू," ते म्हणाले. "दोन म्हैनं दे मला. सुभेदार उठून बसत्यात तवर राणीबी उठती बघ."

दोन महिने! त्या दोन महिन्यांत काय होणार ते मला तिथंच दिसलं. चाचा रोज संध्याकाळी घरी येणार, खाटेला लागून बसणार, आज काय केलं ते सांगणार, आणि दोघं हसणार—माझ्यासमोर. रजा काढून आण्णांचं सगळं मी करत होतो. लघवीचं भांडं मी देत होतो. अन् हसणं कुणासाठी? तिकडं शिरवळला एका ओळखीच्यानं डिझेलचं तयार इंजिन बघून ठेवलं होतं, आठवड्यात बसवून मिळणार होतं. ते निमित्त झालं. कारण ते नव्हतं.

घरी आलो. आण्णांनी मान वळवून विचारलं, हमीद काय म्हणाला. आणि मी—

"ब्लॉक फुटलाय म्हणाले. भंगारात घाला म्हणाले, किती दिवस हे मढं सांभाळायचं."

भंगार मी म्हणालो. मढं मी म्हणालो. दोन्ही शब्द चाचांच्या तोंडी घातले.

आण्णांनी मान परत आढ्याकडं वळवली. म्हणाले, "हमीद म्हणला? आसं?"

"व्हय," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवर जाऊन सांगितलं, आण्णांना आता डिझेलच पाहिजे, जुनं इंजिन तुमच्याकडंच राहू द्या. चाचा कितीतरी वेळ फडक्याला हात पुसत उभे होते. दोन्हीकडं काडी लावली मी, आणि कुणाला वासही आला नाही.

नवं इंजिन बसवून गाडी अंगणात आणली तेव्हा आण्णांनी आतनं विचारलं, "कुणाचा ट्रॅक्टर आलाय रं?" चाचांचा फोन आला की आण्णा मला खुणेनंच सांगायचे, झोपलोय म्हण. दसऱ्याला मात्र चाचा आल्याचं मीच आण्णांना सांगितलं नाही. चाचा दारात उभे, दुखऱ्या गुडघ्यांवर, हातात आपट्याची पानं. मी ती बाहेरच घेतली, आण्णा झोपलेत म्हणालो. आण्णा जागे होते. पानं त्यांच्यापर्यंत गेली नाहीत.

पुढच्या दसऱ्याला आण्णा नव्हते.

दहाव्याला चाचा आले. विधी उरकल्यावर माझा हात धरून गॅरेजच्या मागं घेऊन गेले. ताडपत्री काढली. जुनं इंजिन—लाकडी घोडीवर चढवलेलं, पुसून लख्ख. त्यांनी ते चालू केलं. तोच आवाज रे! आण्णा बाजारातनं घरी यायचे तो.

"बांधून ठिवलं हुतं," चाचा म्हणाले. "म्हणलं कवातरी येतील, तवा ऐकवावं." मग इंजिन बंद करून त्यांनी विचारलं, "माजं काय चुकलं हुतं रं, इलास?"

तिथं तिसरं कुणी नव्हतं. एका वाक्याचं काम होतं. मी म्हणालो, "तुमचं काय न्हाई, चाचा. आण्णांना शेवटी शेवटी माणसं ओळखू येत न्हवती."

हे त्याहून मोठं खोटं. सांगलीच्या दवाखान्यात, जायच्या आदल्या दिवशी, आण्णांनी मला विचारलं होतं—हमीदचं गुडघं कसं हायत आता?

चाचा ताडपत्री नीट पांघरत राहिले. "म्हंजी इसरलं मला," म्हणाले.

चाचा अजून आहेत. गॅरेज रोज उघडं असतं. कालही मी तिथनंच गेलो, ते टायरवर बसले होते, एकटे. मी थांबलो नाही.