‘कुठलं पान?’ विचारणारे मणियार सर

प्रा. हबीब मणियार सरांशी माझी ओळख एका उद्धटपणातून झाली. मी लातूरला एम.ए.च्या पहिल्या वर्षात होते. हॉस्टेलवर सरांची ‘टेम्पोतलं ग्रंथालय’ ही कादंबरी हातोहात फिरत होती. मी ती वाचली आणि भर वर्गात उभी राहून म्हणाले, “सर, तुमची कादंबरी मला उथळ वाटली.”

सरांनी विचारलं, “कुठलं पान?”

मी पान सांगितलं. “मोठ्यानं वाचा,” सर म्हणाले. मी वाचू लागले आणि तिसऱ्या ओळीला मलाच हसू फुटलं. वर्गही हसला. सर हसले नाहीत. “हसू आलं म्हणून तुमचा आक्षेप खोटा ठरत नाही. बसा. लगेच मत बदलू नका.”

ते मत आजही पुरतं बदललेलं नाही, आणि पुरतं टिकलेलंही नाही.

ज्यांनी कादंबरी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. विद्यापीठाची तपासणी समिती दोन खेड्यांतल्या दोन कॉलेजांना भेट देणार असते. दोन्हींत मिळून पुस्तकं एकाच कॉलेजापुरती. समिती पहिल्या कॉलेजात जेवायला बसते, तेवढ्यात कपाटांसकट ग्रंथालय टेम्पोत चढून आडवाटेनं दुसऱ्या कॉलेजात पोचतं. समितीतल्या एका सदस्याला तिथं एका पुस्तकात आपणच सकाळी पहिल्या कॉलेजात खूण म्हणून ठेवलेलं एस.टी.चं तिकीट सापडतं. ते तिकीट खिशात घालतात आणि शेरा लिहितात, ‘ग्रंथसंपदा समाधानकारक’. त्यांच्या कॉलेजातही हेच चालत असतं.

या पुस्तकाबद्दल आमच्या भागात दोन माणसांचं एकमत झालेलं मी ऐकलं नाही. नांदेडच्या एका चर्चेत एक ज्येष्ठ समीक्षक म्हणाले की ही गावाकडच्या शिक्षणाची बदनामी आहे, शहरातल्या लोकांना फुकटचं हसू पुरवलं आहे. त्यावर एक संस्थाचालक उठले. “मी तर लई हसलो बुवा. पण त्यातला चेअरमन मी न्हाई, हे लिहून घ्या.” तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या मुलांना पुस्तक आवडतं, कारण टेम्पोत कपाटं चढवणारा त्यांच्यातलाच आहे. त्याच कारणानं त्यांच्यातल्या काहींना ते आवडत नाही. मी चाकूरला तासिकेवर होते तेव्हा पुन्हा वाचलं. ज्या पानांवर पूर्वी हसले होते, तिथं या वेळी हसता येईना.

ते मी लिहून काढलं आणि एका नियतकालिकाला पाठवलं. संपादकांनी परत केलं. ‘सर वयानं मोठे आहेत, बरं दिसत नाही.’ सरांना हे कळलं तेव्हा त्यांनी स्वतः संपादकांना फोन करून ते परीक्षण छापायला लावलं. त्याआधी मला घरी बोलावलं. “तिसऱ्या परिच्छेदात तुमचा मुद्दा ढिला पडलाय. असा ढिला सोडलात तर मी त्यातून सहज निसटेन. घट्ट करा.” मी घट्ट केला. भाभी चहा देताना म्हणाल्या, “यांना शिव्या घालायलासुद्धा हेच शिकवतात.”

सगळ्या आक्षेपांना सरांचं एकच उत्तर असे, ‘कुठलं पान?’ ते एकदाच अपुरं पडलं. सरांच्या या गौरवग्रंथाच्या निमित्तानं.

प्राचार्य गोविंदराव हे सरांचे देगलूरचे शाळासोबती. नांदेडला शिकताना दोघे एकाच खोलीत राहिले. पुढे गोविंदरावांनी खेड्यात कॉलेज काढलं. आसपासच्या खेड्यांतल्या पोरी तिथं शिकल्या; माझं बी.ए.ही तिथंच झालं. कादंबरीतले प्राचार्य घाबरले की विचारतात, “समिती जेवली का?” ते गोविंदरावच, असं वाचकांनी ठरवून टाकलं. मग लोक त्यांना बाजारात, बसस्टँडवर, लेकीच्या लग्नातसुद्धा विचारू लागले, “काय सर, जेवली का समिती?” गोविंदरावांनी मणियार सरांकडे जाणं सोडलं.

पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथाचं संपादन माझ्याकडे आल्यावर मी देगलूरला गेले आणि त्यांना लेख मागितला.

“लिहितो. पण छापशील का पोरी?”

“छापते, सर.”

“बघ हं. गोड लिहिणं मला जमत न्हाई.”

लेख आला. गौरव समितीत वाचला गेला. एक सदस्य म्हणाले, “हा गौरवग्रंथ हाय का चार्जशीट?” लेख वगळावा, असं ठरलं. मी तो घेऊन सरांकडे लातूरला गेले आणि वाचून दाखवला. त्यात एक वाक्य होतं: ‘आमच्या कॉलेजातली पुस्तकं उसनी होती, पोरी उसन्या नव्हत्या.’

सर सवयीनं म्हणाले, “कुठलं...” आणि थांबले. उठून अंगणात गेले, परत आले, बसले, पुन्हा उठले.

“हे वाक्य माझ्या पुस्तकात हवं होतं,” ते म्हणाले. “मला सुचलं नाही.”

मी म्हटलं, “नवी आवृत्ती निघते आहे. त्यात घेता येईल.”

“ते गोविंदचं आहे. मी ते उचलून माझ्या कपाटात ठेवलं, तर मीही टेम्पोच काढला की.” मग म्हणाले, “हा लेख पहिला छापा. छापायचा नसेल तर सत्कार नको.”

म्हणून या ग्रंथात तो लेख पहिला आहे. कादंबरीतला शब्दही सरांनी बदललेला नाही. ‘चूक झाली’ असं ते म्हणाले नाहीत आणि ‘चूक नाही’ असंही नाही. त्या पोरींपैकी मी एक. त्या कादंबरीवर हसलेल्यांपैकीही एक. कुठल्याच एका बाजूला माझं मन लागत नाही.

ग्रंथ छपाईला जाताना गोविंदरावांना फोन केला. समारंभाला येणार का, विचारलं.

“बघू. त्याला म्हणावं, लेख वाचून गप का बसलाय?”

मी निरोप सांगितला. सर म्हणाले, “अजून वाचतोच आहे, म्हणावं.”

मणियार सरांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभावं, असं या ग्रंथातल्या सर्वांना वाटतं. ज्यांना त्यांची कादंबरी आवडली नाही त्यांना तर जास्तच, कारण त्यांचं ऐकून घेणारं दुसरं कोण आहे? माझं मागणं एवढंच. समारंभात सरांच्या शेजारची खुर्ची आम्ही गोविंदरावांसाठी ठेवली आहे. त्यांनी यावं, बसावं, आणि भांडावं. ते भांडण निवांत पुरेल एवढं आयुष्य दोघांनाही मिळो.