कडेला बघणारी

“मधलं लय भारी हाय, साहेब. पण कडंला बघाय गेलं की अंधार हुतोय.”

लाकडी पार्टिशनच्या पलीकडून मी हे ऐकलं. माझ्याबरोबर भिंगांचं गणित करणारी ती माझ्या डबीबद्दल बोलत होती. मी अलीकडे लॉगरिदमची पुस्तिका उघडून बसले होते. हातातली पेन्सिल जागच्या जागी थांबली. तिला हळू बोलता यायचंच नाही. कुंडलला, तिच्या गावी, घरच्या उसात एका बांधावरून दुसऱ्या बांधावर हाक मारायचा जो आवाज, तोच तिने सांगलीच्या कारखान्यात आणला होता.

डबी म्हणजे तळहातावर मावेल एवढी काळी पेटी. एका बाजूने रंगीत स्लाइड सरकवायची, दुसऱ्या बाजूच्या भिंगाला डोळा लावायचा आणि उजेडाकडे तोंड करायचं. अशा डब्या बाजारात मिळतात, पण त्यांत चित्र दूरच्या खिडकीतून पाहिल्यासारखं दिसतं. आमच्या साहेबांना चित्र इतकं रुंद हवं होतं की त्याची चौकट नजरेतच येऊ नये, आणि तरीही डबी खिशात बसावी.

साहेब सैन्याच्या दुर्बिणी बनवणाऱ्या कारखान्यातून निवृत्त होऊन सांगलीला आले होते. औद्योगिक वसाहतीतल्या त्यांच्या शेडमध्ये शाळांसाठी सूक्ष्मदर्शक बनत. भिंगांचं गणित करायला त्यांनी आम्हा दोघींना घेतलं. दोघी बी.एस्सी. मी साताऱ्याची, पाचगणीच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. ती कऱ्हाडच्या कॉलेजातली, सुभेदाराची मुलगी. दोघींनी आपापली डबी आखायची, आणि जिची निवडली जाईल तिने वर्षभर पुण्याला भिंगांची आखणी शिकायला जायचं, असं साहेबांनी ठरवलं होतं. जागा एकच होती. तिथे म्हणे गणकयंत्र होतं. ज्या गणिताला आम्हाला आठवडा लागायचा ते हे यंत्र चहा येईपर्यंत करायचं.

मला ती जागा हवी होती. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

तिने मात्र पहिल्याच दिवशी सगळ्या शेडला सांगून टाकलं. “मी जानार हाय पुन्याला. आन् न्हाई गेले तर हिला सोडाय स्टँडवर येनार.”

दुर्बिणीतून बघणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. एक डोळा गच्च मिटतात, चेहरा आक्रसून घेतात. ती तसं करायची नाही. दुसऱ्या डोळ्यावर तळहात ठेवायची, तोंड उघडं टाकायची आणि भिंगातून वर, खाली, या कोपऱ्यात, त्या कोपऱ्यात बघत सुटायची. नव्या घरी आलेली पाहुणी फळीवरचे डबेसुद्धा बघून घेते, तसं. कुणी काही विचारलं की तिचं एकच उत्तर असे, “आदी बघ, मग बोल.” मी तर बोलतच नसे, तरी मलाही हेच.

ती शेंगा खात गणित करायची. माझ्या पुस्तिकेतही तिची टरफलं निघायची. उंच स्टुलावर पाय वर घेऊन बसायची आणि साहेब आले तरी खाली सोडायची नाही. ती बोलली की साहेब हसायचे. मी माझी आकडेमोड नेऊन दाखवली की साहेब म्हणायचे, “उत्तम.” त्या ‘उत्तम’साठी मी रविवारीही काम करायची. पण हसायचे ते तिच्याकडे बघून. मी पार्टिशनच्या अलीकडून ते हसणं ऐकायची आणि माझा दशांशातला सातवा अंक चुकायचा.

एकदा काचेचा व्यापारी माझ्याकडे बघून तिला म्हणाला, “ही बाई मुकी आहे का?” ती म्हणाली, “मुकी न्हाई, मोजून बोलती. तुमच्याशी बोलावं एवढं तुमी अजून काय बोललाच न्हाई.” व्यापारी चहा संपवून गेला. मी तिला धन्यवादसुद्धा म्हटलं नाही. माझी बाजू तिने घेतलेलीही मला सहन होत नव्हती.

आमच्याकडे पडताळ्याची पद्धत होती. प्रकाशाचा एकेक किरण एका भिंगातून दुसऱ्यात कसा वळतो ते एकीने मोजायचं, दुसरीने तोच किरण पुन्हा मोजायचा, आणि मग आकडे जुळवायचे. म्हणजे तिची भिंगं माझ्या हातून जायची आणि माझी तिच्या. तिचे कागद मी भुकेल्यासारखी तपासत होते. चूक सापडली. एका ठिकाणी उणेचं अधिक झालं होतं. मी लाल पेन्सिलीने खूण करून कागद परत दिला. ती चूक दुरुस्त केल्यावर कागदावर तिच्या भिंगांचं चित्र आणखी स्वच्छ यायला लागलं. हे मी माझ्याच हाताने केलं होतं.

“आगं, तू नसतीस तर माझी डबी गटारात गेली आसती,” ती म्हणाली आणि आपल्या जेवणाच्या डब्यातली अर्धी भाकरी, वर शेंगदाण्याची चटणी ठेवून, माझ्या पुढ्यात सरकवली. भाकरी फार चांगली होती. त्याचाही मला राग आला.

दोन्ही डब्यांची भिंगं इमामचाचांनी घासली. मिरजेहून सायकलवर येणारे, पांढऱ्या दाढीचे. निवडीच्या दिवशी त्यांनी फ्लॅनेलच्या तुकड्यांत गुंडाळलेल्या दोन्ही डब्या साहेबांच्या टेबलावर ठेवल्या. दोन्हींत एकच चित्र, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाचं. पार्टिशनपलीकडचं ते बोलणं त्याच सकाळचं.

मी उठून आत गेले. साहेबांनी माझी डबी माझ्याच हातात दिली. “बघ बरं. कडेला बघ.”

मी डोळा लावला. पूल या टोकापासून त्या टोकापर्यंत होता आणि त्याचा कठडा सरळसोट. मग मी डोळा उजवीकडे, शेवटच्या कमानीकडे वळवला. कमान गेली. तिथे काळी सावली आली. डोळा मध्ये आणला, पूल परत आला.

डोळा वळला की बुबुळ जागचं सरकतं. मी माझ्या कागदांवर डोळा सरळ समोर बघणारा धरला होता आणि सगळे किरण त्या एका जागी आणून सोडले होते. मी स्वतः तशीच बघते. नजर समोर ठेवायची आणि कडेचं सगळं न वळता टिपायचं. कुणी डोळा वळवून बघेल हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मला वाटायचं, सगळेच असे बघतात.

तिने किरण मागे नेले होते, बुबुळाच्याही मागे, जिथे डोळा फिरतो तिथे. “डोळा काय खिळ्यानं ठोकलाय व्हय? फिरतोय की,” ती मला म्हणाली होती, आठवड्यामागेच. मी तेव्हा तिच्या आकड्यांत चुका शोधत होते.

तिच्या डबीत पुलाचा कठडा टोकांना वाकत होता. माझी सगळी आशा त्या वाकण्यावर होती. साहेबही म्हणाले, “कठडा वाकलाय गं.”

“वाकू दे की, साहेब. पुलावर हुबं ऱ्हाऊन कठड्याला पट्टी कोन लावतंय?”

इमामचाचांनी चष्मा कपाळावर चढवला आणि तिची डबी डोळ्याला लावली. बराच वेळ त्यांनी ती खाली ठेवली नाही. मान इकडून तिकडे फिरवत राहिले. मग म्हणाले, “पुलावर नेऊन हुबं केलंस की गं पोरी.” माझ्या डबीत बघून ते म्हणाले होते, “साफ आहे.”

आता तिच्या स्टुलावर स्लाइडची खोकी ठेवलेली असतात. तिची डबी विकली जाते, शाळा घेतात. पडताळा मी एकटीच करते, सकाळी एकदा आणि दुपारी एकदा. शेडमध्ये इतकी शांतता असते की इमामचाचांच्या भिंगं घासायच्या चाकाचा आवाज बाहेर रस्त्यावर ऐकू येतो. साहेब आता कुणाच्याच बोलण्यावर हसत नाहीत. मला वाटलं होतं, ती गेल्यावर मला बरं वाटेल.

ती गेली त्या सकाळी मी सांगलीच्या स्टँडवर गेले होते. सुभेदारांनी आपली पलटणीतली पत्र्याची ट्रंक बसच्या टपावर चढवली आणि ते पानाच्या दुकानाकडे वळले. ती खिडकीत बसून बोलत होती. पुण्याला भाकरी मिळेल का, खोलीतली मुलगी घोरणारी निघाली तर काय, आपले आकडे तिथलं यंत्र तपासणार म्हणजे शेंगा कुणाला द्यायच्या. मी खाली उभी होते. कंडक्टरने घंटी ओढली.

“बोल की गं कायतरी,” ती म्हणाली. “आता तर चाललेच मी.”

बस हलली. मी खिडकीचा गज धरून दोन पावलं तिच्याबरोबर गेले.

“मला जायचं होतं,” मी म्हणाले. “तुझ्या जागी मला जायचं होतं.”