मधली नऊ मिनिटं

माझ्या पोलिसी वर्दीवर, डाव्या खांद्याच्या जरा खाली, काडेपेटीहून थोडा मोठा कॅमेरा लावलेला असतो. कुणाच्या दारात गेलं की आधी बटण दाबायचं, लाल दिवा लागला की मोठ्यानं सांगायचं, "आपलं चित्रीकरण होत आहे," आणि मग कामाला लागायचं. हे आल्यापासून पुणेकर एकदम सभ्य झाले. कालपर्यंत जे गृहस्थ 'तुमचे साहेब कोण आहेत, बोलवा त्यांना' म्हणून अंगावर यायचे, ते आता केसांवरून हात फिरवून 'अहो, आपण' करायला लागतात. आम्हीही सुधारलो, नाही असं नाही. माझं माहेर कसब्यातलं, जीभ मुळातच तिखट. ती घरी ठेवून यायला मी या वयात शिकले.

साहेब लोक म्हणतात, कॅमेऱ्यात काय ते खरं येतं. धायरीच्या त्या आजी भेटेपर्यंत मलाही तसंच वाटायचं.

दुपारचे तीन वाजले असतील. कंट्रोल रूमवरून कॉल आला की अमुक सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर म्हातारीला मारहाण होते आहे, कळवणारी शेजारीण आहे. गल्लीच्या तोंडाशी एक टेम्पो अडकला होता, म्हणून आमचे ड्रायव्हर हवालदार गाडीपाशी थांबले आणि मी एकटीच वर गेले. एकटीनं जायचं नसतं. त्या दिवशी जे जे करायचं नसतं ते सगळं मी केलं, त्यातलं हे पहिलं.

सोसायटी उभी आहे तिथं पूर्वी आजींचंच शेत होतं. जमिनीच्या बदल्यात बिल्डरनं दिलेल्या फ्लॅटमध्ये आजी आणि त्यांचा मुलगा राहायचे. सून दोन वर्षांपूर्वी माहेरी गेली ती परतलीच नव्हती. मुलगा तेवढ्यात कुठंतरी बाहेर पडला होता. दार आजींनीच उघडलं. भर उन्हाळ्यात अंगभर पदर घट्ट लपेटून घेतलेला. मी बटण दाबून माझं वाक्य म्हटलं. आजी त्या लाल दिव्याकडं बघत राहिल्या. हे कोण बघतं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, साहेब बघतात, वेळ पडली तर कोर्टातही दाखवतात. त्यांनी थोडा विचार केला आणि माझा हात धरला.

"पोरी, आधी ते बंद कर. मग सांगते."

मी बंद केला. आईच्या वयाची बाई, तिच्या अब्रूचा प्रश्न, अशी मी स्वतःची समजूत घातली. त्यांनी पदर खाली घेतला. पाठीवर आणि दंडांवर पट्ट्याचे वळ होते, काही जुने पिवळे पडलेले, काही त्याच दिवशीचे. त्या रडल्या नाहीत. दुसऱ्या कुणाची हकिगत सांगावी तसं सगळं सांगितलं, आणि शेवटी मुलाची बाजूही त्यांनीच मांडली.

"रान गेलं, बैलं गेली. हाताला काम न्हाय त्याच्या. मग हात असा चालतो."

तक्रार द्या म्हणून मी परोपरीनं सांगितलं. त्या ऐकेनात. एक लेक आहे, हिंजवडीकडं दिली आहे, तिच्या कानावर तर अजिबात जाऊ द्यायचं नाही, ती भावावर धावून येईल आणि माहेर कायमचं तुटेल, असं त्यांचं म्हणणं. माझा हात उचलून त्यांनी स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि कुणाला सांगणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. मी घेतली.

आता कॉल बंद करायचा तर काहीतरी कारण दाखवायला हवं. मी तसं म्हटल्यावर त्यांनीच विचारलं, मग काय सांगू? अठरा वर्षं मी लोकांचे जबाब लिहीत आले आहे. माणूस तासभर काहीबाही बोलतो आणि आम्ही ते चार सरळ ओळींत बसवतो. सवयीनं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. म्हटलं, आजी, असं सांगा की बाथरूममध्ये पाय घसरून पडले, म्हणून ओरडले, शेजाऱ्यांचा गैरसमज झाला. त्यांनी ते दोनदा म्हणून बघितलं. मग मी कॅमेरा सुरू केला. डोक्यावरून पदर घेऊन, थेट कॅमेऱ्याकडं बघत त्यांनी ते एका दमात म्हटलं आणि वर स्वतःचं एक वाक्य जोडलं की माझा पोरगा लई गुणाचा हाय. नंतर चहा केला. मी तो प्यायलेसुद्धा.

मधली नऊ मिनिटं रेकॉर्डिंगमध्ये नाहीत.

पुढच्या आठवड्यात साध्या कपड्यांत येऊन त्यांना पुन्हा समजावीन, असं मी ठरवलं होतं. मग बंदोबस्त लागला, मग मुलीची परीक्षा आली. कारणांना काय तोटा.

तीन आठवड्यांनी एका सकाळी चौकीच्या साहेबांचा फोन आला. आजी गेल्या होत्या. दोन दिवसांपूर्वी बाथरूममध्ये पडल्या असं मुलगा सांगत होता. नेहमीच्या डॉक्टरांनी वय आणि हृदय असं काहीतरी लिहून दाखला दिला होता. चार वाजता नेणार होते, पण शेजारी कुजबुजत होते.

साहेब म्हणाले, "मॅडम, मागच्या कॉलला तुम्ही गेला होतात. काही संशयास्पद होतं का? असेल तर बॉडी थांबवतो, पोस्टमॉर्टेमला पाठवतो."

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. पण 'हो' म्हटलं की कॅमेरा का बंद केला, रिपोर्टात का नाही लिहिलं, ते वाक्य कुणाचं, हे सगळं ओळीनं माझ्यापुढं उभं राहिलं. मी म्हटलं, "सगळं रेकॉर्डिंगमध्ये आहे, साहेब. बघून घ्या."

मी शपथ पाळली असं म्हणायला मला फार आवडलं असतं. मी नोकरीला घाबरले.

त्यांनी बघितलं. म्हातारी स्वतःच्या तोंडानं सांगते आहे म्हटल्यावर कोण काय करणार? मी त्या दुपारी चौकात उभी होते. साडेतीनला फोन करता आला असता, पावणेचारलाही. चार वाजले, सव्वाचार झाले, तरी फोन माझ्या हातातच होता. पाठीवरचे वळ त्या संध्याकाळी जळून गेले. मुलानं ढकललं की या वेळी खरंच पाय घसरला, हे आता कुणालाही कळणार नाही.

नंतर मी साहेबांना सगळं लिहून दिलं. माझी चौकशी लागली, शिक्षा झाली, त्याबद्दल तक्रार नाही. मुलाला चार वेळा बोलावलं आणि सोडून दिलं. माझ्या शब्दासमोर त्याच्या आईचा आवाज होता. पण मी स्वतःहून गेले असं कुणी समजू नये. त्याआधी त्यांची लेक मला भेटायला आली होती.

तिसऱ्या दिवशी, रक्षा सावडून ती सरळ चौकीवर आली. माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी लहान असेल. रडून चेहरा सुजलेला होता. ती मला शिव्या देणार, असं मी धरून चालले होते. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती बाकावर माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली की साहेबांनी रेकॉर्डिंग दाखवलं, आईचं शेवटचं बोलणं ऐकायला मिळालं, तुम्ही तिच्याशी किती मायेनं बोलत होता. मग म्हणाली, त्या दिवशीचा तो फोन शेजारणीनं केला नव्हता, शेजारीण असल्याचं सांगून तिनं स्वतःच केला होता. आईच्या आवाजावरून तिला कळायचं, पण विचारलं की आई विषय बदलायची.

"म्हटलं, मला नाही सांगत, निदान पोलिसांना तरी सांगेल," ती म्हणाली. "तुमचा काही दोष नाही, ताई. तिनं तुम्हालाही नाही सांगितलं."

ती माझा हात थोपटत होती. मी तो काढून घेतला.

"सांगितलं होतं," मी म्हटलं. "मला सगळं सांगितलं होतं त्यांनी."